चोरून भाजलेला वाडगा

कुरोनो, ४ ऑगस्ट १९६८

हिसानोबाई यांस,

पत्राची सुरुवात हवापाण्यानं करायची असते. तर इकडे उकाडा आहे, तिकडे फुकुओकातही असेल. झालं हवेचं.

मी नुई. तोकुजींची बायको. आपण एकमेकींना कधी पाहिलेलं नाही, पण तुम्ही ज्या घरातून निघून गेलात त्याच घरात पुढच्या वर्षी मी आले, तेव्हा याहून जास्त ओळख करून द्यायची गरज नसावी. आल्यावर ह्यांनी मला पहिल्यांदा जे दाखवलं ते स्वयंपाकघर नव्हे, भट्टी नव्हे, तर कोपऱ्यात अंगठा चोखत बसलेली तीन वर्षांची चिगुसा. म्हणाले, "ही आहे." एवढंच. (तुम्हाला लिहिताना त्यांना 'हे' म्हणावं की तोकुजी म्हणावं, तेच मला कळेना. एके काळी तुमचेही 'हे'च होते. जाऊ दे, 'हे'च लिहिते. तुम्हाला लागेल तसं वाचा.)

कळवायचं ते इतकंच, की आपल्या चिगुसाचं लग्न ठरलं. 'आपल्या' असं लिहून गेले, आता खोडत नाही, कागद खराब होईल. मुलगा हिता गावचा. घरचं लाकडी चपलांचं दुकान आहे, सासूसासरे आहेत. मुलगा बोलतो कमी आणि मान फार हलवतो. ह्यांना फार आवडला. आवडणारच.

लग्न नोव्हेंबरात. आमची रीत तुम्हाला ठाऊक आहे. नवरी उंबऱ्याबाहेर पडली, की आईनं तिचा जेवायचा वाडगा दारातल्या दगडावर फोडायचा. या घरातलं तुझं जेवण संपलं, आता तिकडे सुखानं जेव, मागे फिरू नकोस, असं सांगायचं ते असं. तुमच्या माहेरीही तुमचा फोडलाच असेल. तरी तुम्ही परत गेलात. माझा कुणी फोडला नाही. आमच्या थोरल्या भावानं मासे साफ करता करता सांगितलं, "बिजवराकडे चाललीय, असू दे फळीवर, काय सांगावं!" तो अजून त्या फळीवर आहे आणि मी अजून इथे आहे. तेव्हा फोडण्यावर काही ठरतं असं नाही. पण रीत ती रीत.

चिगुसा अजून तुम्ही केलेल्या वाडग्यातच जेवते. तो मी फोडणार. मला त्याचं सुख नाही आणि दुःखही नाही. तुम्हाला आधी सांगून ठेवलेलं बरं, नाही तर उद्या कुणाकडून कानावर गेलं की म्हणाल, सवतीनं डाव साधला.

लग्नाला यावंच असा आमचा आग्रह नाही. चिगुसानं मला हे पत्र लिहायला सांगितलेलं नाही.

नुई


कुरोनो, ११ सप्टेंबर

हिसानोबाई,

तुमचं कार्ड पोचलं. चार ओळी. त्यातली एक मुलीच्या लग्नाचा आनंद झाल्याची, आणि पुढे काय, तर 'तो वाडगा अजून झिरपतो का?'

धन्य आहे बाई तुमची! मी कार्ड हातात धरून तशीच उभी राहिले. इतक्या वर्षांनी मुलीची खबर कळली, तर बाईनं विचारावं काय? ती उंच झाली का, नाही. तिला दूध पचतं का, नाही. तिच्या भुवया कुणासारख्या आहेत, तेही नाही. वाडगा झिरपतो का! ह्यांना वाचून दाखवलं तर हे हसले. मी म्हटलं, "हसताय काय?" तर म्हणतात, "कुंभाराची लेक आहे." म्हणजे मी मासळीवाल्याची लेक, मला त्यातलं काय कळणार, असंच ना? बोलत नाहीत, पण न बोलून बोलतात.

ऐका तर. झिरपत होता. गळत होता म्हणा. मी आल्यावर पहिल्याच सकाळी पोरीला भातावर चहा ओतून दिला, ती जेवून उठली तर मांडी भिजलेली. मला वाटलं, हिला सवय आहे. मी तिला धपाटा घातला आणि कपडे बदलले. दुपारी पुन्हा तेच. तेव्हा वाडगा उलटा करून पाहिला, तर बुडाला घाम फुटल्यासारखं पाणी.

मग शेजारच्या ओरिननं सगळी कथा सांगितली. कुरोनोत बायकांनी माती मळायची, राख चाळायची, भट्टीला लाकडं वाहायची, पण चाकावर बसायचं नाही. आणि तुम्ही पोटात सात महिन्यांचं पोर घेऊन, पुरुषमाणसं देवळाच्या उत्सवाला गेलेली बघून, ह्यांच्या चाकावर बसलात. वाडगा केलात. मोठ्या माणसाच्या मापाचा, म्हणजे पोरीच्या हातांना पुढे पुरेल असा. आणि सासूबाईंना दिसू नये म्हणून उतारावर चढत जाणाऱ्या भट्टीच्या अगदी वरच्या, शेवटच्या कप्प्यात, पाण्याच्या रांजणांच्या मागे दडवून ठेवलात. तिथे आच पोचत नाही हे तुम्हाला ठाऊक नव्हतं? ठाऊक होतं. पण दुसरीकडे ठेवला असता तर दिसला असता. म्हणून तो कच्चा राहिला. चोरून भाजलेलं भांडं, आणखी काय होणार त्याचं!

पुढे तो सापडला, सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं, हे मान खाली घालून बसले, आणि तुम्ही निघालात. पोर घराण्याची, म्हणून ती इथे राहिली. एवढं ओरिनकडून.

सासूबाई मला म्हणाल्या, "टाकून दे तो गळका. हवा तर मी दुसरा देते." त्यांना तुमचं काहीच या घरात नको होतं. मलाही नको होतं, देवाशपथ. मी तो उचलला, आणि पोरीनं तो माझ्या हातातून ओढून पोटाशी धरला आणि असं भोकाड पसरलं की खाली ओढ्यापाशी माती कांडणारे लोक वर बघायला लागले.

मग काय करणार? मोठ्या पातेल्यात तांदळाचं धुवण घेतलं, त्यात वाडगा बुडवला आणि मंद जाळावर उकळत ठेवला. गार होईपर्यंत हात लावला नाही. नवं भांडं वापरायला काढताना सगळ्याच करतात, पण एकदा. मला दहादा करावं लागलं, तेव्हा कुठे तांदळाची खळ त्या छिद्रांत बसली. पुढच्या वर्षी थंडीत पुन्हा झिरपायला लागला, पुन्हा उकळला. जेवणाआधी पाण्यात बुडवून ठेवायचा म्हणजे लोणच्याचा रंग शोषत नाही. धुतल्यावर सावलीत उपडा घालायचा, पुरता वाळल्याशिवाय फळीवर ठेवायचा नाही, नाही तर वास मारतो. ओरिन म्हणायची, "सवतीच्या वाडग्याची काय ही बडदास्त! जावयाचीसुद्धा कुणी इतकी करत नाही."

मी माझी भांडी आदळआपट करत धुते, विचारा कुणालाही. तुमचा वाडगा मात्र दोन्ही हातांत धरून धुतला. प्रेमानं नव्हे. तो फुटला असता तर अख्खं गाव म्हणालं असतं की नुईनं फोडला. सावत्र आईचं नाव आधीच झालेलं असतं, तिला फक्त निमित्त लागतं.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर: नाही, आता झिरपत नाही. पण त्यात तुमच्या हाताचं कौतुक नाही.

नुई

ता. क. भुवया तुमच्यासारख्या आहेत असं सगळे म्हणतात. मला तुम्ही कशा दिसता ते माहीत नाही, त्यामुळे मला तशा वाटत नाहीत.


कुरोनो, ९ ऑक्टोबर

बाई,

आज मी हवा वगैरे काही लिहिणार नाही. तळपायाची आग मस्तकात गेली आहे.

लग्नाच्या खरेदीला आम्ही तिघं फुकुओकाला आलो होतो. तुम्हाला कळवलं नाही. का कळवू? मोठ्या दुकानात कापड घेतलं, आरसा घेतला, आणि वरच्या मजल्यावर गेलो तर काचेच्या कपाटात तुमचे वाडगे. खाली नाव. बाईचं नाव, असं छापून! आमच्या गावात पुरुषसुद्धा भांड्यावर नाव घालत नाहीत. चिगुसा काचेला नाक लावून उभी राहिली, लहानपणी गोगलगायी बघायची तशी. दुकानातल्या मुलीनं एक काढून ह्यांच्या हातात दिला. ह्यांनी तो उपडा केला आणि बुडावरून हळूच अंगठा फिरवला. एकदा, पुन्हा एकदा. हिसानोबाई, मी त्या माणसाचे कपडे शिवलेत, भट्टी पेटते तेव्हा त्याच्या डोळ्यांतली राख बाहीच्या टोकानं काढली आहे, त्याच्या आईचं दुखणं काढलंय. माझ्या हातावरून त्यानं कधी असा अंगठा फिरवलेला नाही.

"चांगलं झालंय," म्हणाले. माझ्या अठरा वर्षांच्या संसारात हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकलेला नव्हता.

परतीच्या गाडीत चिगुसा म्हणते, "आई, एक विचारू? रागावू नकोस."

मी म्हटलं, "म्हणजे रागावण्यासारखंच आहे."

"तो वाडगा त्यांनी फोडला तर? म्हणजे... त्यांनीच केलाय ना. ज्यानं केला त्यानं फोडला तर बरं दिसेल."

"कुणाला बरं दिसेल?"

तिनं बापाकडे बघितलं. ह्यांना म्हटलं, "तुम्ही बोला काहीतरी!" तर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "फोडायला काय लागतं? दगडावर आपटायचा."

मागे लिहिलं ते खोटं होतं. मला त्याचं सुख नाही असं मी लिहिलं होतं. अहो, या एका दिवसाची मी वर्षानुवर्षं वाट बघितली! रोज तीनदा तुमचा वाडगा धुवायचा, पुसायचा, भरायचा, आणि मनात म्हणायचं, थांब, पोरीचं लग्न होऊ दे, सगळ्या गावासमोर, रीतीप्रमाणे, कुणाची बोलायची टाप नाही, असा मी तुला फोडीन. आणि 'आईनं फोडायचा' म्हणतात, म्हणजे त्या दिवशी सगळ्यांना दिसेल की आई कोण. आता पोरगी म्हणते, त्यांनी फोडावा. म्हणजे वाढवायचं मी, आणि आई म्हणून दारात उभं राहायचं तुम्ही?

घरी आल्यावर मी काय केलं असेल? हसाल. सासूबाई गेल्या, आता मला अडवणारं कुणी नाही. हे जंगलात लाकडं बघायला गेले तेव्हा चाकावर बसले. म्हटलं, चिगुसा नव्या घरी जाईल ती माझ्या हातचा वाडगा घेऊन जाईल. माती ऐकेना. एकीकडे जाड, एकीकडे पातळ, काठ असा वाकडा की जांभई दिल्यासारखा. हे दारात येऊन उभे राहिले, किती वेळ कोण जाणे. म्हणाले, "वाडगा आहे की मांजराची थाळी?" चिगुसा खो खो हसली. मीही हसले, न हसून करते काय. वाळताना तो तडकला, मी पुन्हा मातीत कालवून टाकला. तुम्हाला सात महिन्यांच्या पोटानं जे जमलं ते मला नाही जमलं. घ्या, हेही लिहून दिलं.

या लग्नाला. चिगुसा म्हणते म्हणून. मी म्हणत नाही.

नुई


कुरोनो, २ नोव्हेंबर

हिसानोबाई,

हिताला उतरून बस घ्यावी. शेवटच्या थांब्यावर हे येतील घ्यायला. ते बोलले नाहीत तर वाईट वाटून घेऊ नका, तुम्हाला अनुभव आहेच. अंथरूण उन्हात घातलंय. खाऱ्या बोराचं लोणचं चालतं का, ते कळवा. जेवायला तुम्हाला पाहुण्यांच्यातला वाडगा देईन.

नुई


कुरोनो, २ डिसेंबर

हिसानोताई,

तुम्ही गेलात तेव्हा आपलं बोलणं झालं नाही. मला बोलवत नव्हतं आणि तुम्हाला बस गाठायची होती. म्हणून लिहिते. तुम्ही तिथे होतात तरी लिहिते, कारण माझ्या जागेवरून काय दिसत होतं ते तुम्हाला कसं कळणार?

तुम्ही बसमधून उतरलात तेव्हा मी कुंपणाआडून बघत होते. मला वाटलं होतं, बाई उंच असेल, नखरेल असेल, फुकुओकाची. तर ही एवढीशी, हात माझ्याहून खरखरीत, नखांत माती. मला इतका राग आला की काय सांगू. इतकी वर्षं मी जिच्यावर जळले ती अशी? पण भुवया चिगुसाच्याच. लोक खरं बोलत होते.

मग तो दिवस. पांढऱ्या पोशाखात पोरगी उंबऱ्याबाहेर पडली. जाणाऱ्या नवरीनं मागे बघायचं नसतं, ती पाठमोरी उभी राहिली. भाड्याची मोटार घरघरत होती, मुलाचे काका घड्याळ बघत होते. आणि मी, चिगुसाच्या मनासारखं ठरलं होतं त्याप्रमाणे, सगळ्या गावासमोर तो वाडगा तुमच्या हातात दिला. ओरिन माझ्या मागे पुटपुटत होती, "नको गं देऊस, वेडे, तुझा आहे."

तुम्ही तो बघितलात. उपडा केलात. बुडाशी नख लावून बघितलंत. मला वाटलं, आता ही रडणार. आणि तुम्ही म्हणालात, "हा नाही."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तुम्ही पुन्हा म्हणालात, "माझा पांढरा होता."

जन्मभर ज्याची मला धास्ती होती तेच झालं! भर दारात, पाहुण्यांसमोर, बाई म्हणते आहे की तिचा वाडगा मी फोडला आणि दुसरा ठेवला. मी म्हटलं, "तोच आहे. शपथ घेऊ का?" ह्यांच्याकडे बघितलं, तर हे नेहमीप्रमाणे जमिनीकडे बघत होते. चिगुसा पाठमोरीच म्हणाली, "तोच आहे. मी दुसऱ्या कशात जेवलेच नाही." तेव्हा तुम्ही तो उजेडाकडे धरलात. त्याच्या अंगभर केसासारख्या बारीक चिरा, त्यांत चहा मुरलेला, तांदळाची खळ मुरलेली, सगळा मधाच्या रंगाचा झालेला. तुम्ही त्या चिरांवरून बोट फिरवलंत आणि मला विचारलंत, "दर वर्षी उकळत होतात?"

"नाही तर काय," मी म्हटलं. "गळका होता."

मग तुम्ही तो दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलात आणि म्हणालात, "मी नाही फोडू शकत. दुसऱ्याचं भांडं आहे."

हिसानोताई, त्या क्षणाला मला काय वाटलं ते सांगते. मला तुमचा भयंकर राग आला. इतकी वर्षं मी ज्याला 'तिचा, तिचा' म्हणत फोडायला टपले होते, तो तुम्ही असा दोन शब्दांत माझ्या पदरात टाकलात. आता मी कसा फोडू? तुमचा होता तेव्हा शंभरदा फोडला असता. माझा हात वर जाईना. दगड समोर, लोक समोर, आणि मी तो वाडगा पोटाशी धरून उभी, अगदी ती तीन वर्षांची असताना उभी होती तशी. मुलाचे काका खाकरले. तुम्ही एक पाऊल मागे सरलात. बरं केलंत.

तेवढ्यात चिगुसा म्हणाली. मागे न बघता, अगदी हळू. तुम्ही ऐकलंत की नाही मला ठाऊक नाही, म्हणून लिहिते. ती म्हणाली, "आई, फोड ना गं. मला पाय उचलता येत नाहीये."

मग फोडला. आवाज ऐकला आणि ती चालायला लागली. मोटारीत बसेपर्यंत तिनं मान वळवली नाही. इतकी शहाणी पोर आहे, रीत मोडली नाही, आणि मला त्याचाही राग आला, एकदा वळली असती तर काय बिघडलं असतं? पुढचं तुम्हाला माहीत आहे. मी दारातच बसकण मारली आणि तुकडे तुम्ही गोळा केलेत. ते तुम्ही नेलेत की इथे टाकलेत, मी विचारलं नाही, आताही विचारत नाही.

हे दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "भात जास्त होतोय." मी अजून तिघांचाच लावते.

काल चिगुसाचं पत्र आलं. सुखात आहे. दुकानात बसते, हिशेब छान करते म्हणून सासरे खूश आहेत. आणि पुढे लिहिते, इथल्या आईंनी, म्हणजे तिच्या सासूनं, मला नवा वाडगा दिला. अरिताचा, चिनी मातीचा. निळी फुलं आहेत, इतका हलका की हातात आहे असं वाटत नाही, आणि आई, याला काही करावं लागत नाही, नुसता विसळला की झालं!

नुसता विसळला की झालं म्हणे! मी पत्र वाचलं आणि मला जे काही झालं ते तुम्हाला सोडून कुणाला सांगू? ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "चांगला असतो अरिताचा." ओरिनला सांगितलं तर ती हसली. अहो, त्या पातळ वाडग्यात गरम भात वाढला की बोटं भाजतात, हे त्या बाईला कुणी सांगायचं? पोरीला उकळता चहा लागतो भातावर, ती आधी हात गरम करून घेते वाडग्यावर, हे तिला ठाऊक आहे का? निळी फुलं! आणि चिगुसा तिला 'आई' म्हणते, पत्रात दोनदा लिहिलंय. ती बाई आता रोज तिच्यासमोर बसून जेवणार, तीन वेळा, आणि तिनं तिच्यासाठी केलं काय? दुकानात जाऊन एक वाडगा उचलला!

मला ती बाई डोळ्यांसमोर नको झाली आहे. चांगली आहे बिचारी, लग्नात माझा हात धरून रडली, तरीही नको झाली आहे.

तुम्हालाही तसंच वाटतंय का, ते लिहा. चार ओळींत उरकू नका. मला माहीत आहे तुम्ही सभ्य आहात, नावबिव छापून येतं तुमचं, पण खरं लिहा. इतकी वर्षं एकटीनंच जळत बसायचा मला आता कंटाळा आलाय.

तुमची,
नुई